मनकाटा

गिरिजा मगदूमच्या नावावर पहिलं बँक खातं उघडलं तेव्हा तिची चाळिशी जवळ आली होती. तोवर खात्याची गरज कधी पडली नव्हती, कारण अण्णा होता.

मिरजेतल्या दातांच्या एका लॅबमध्ये ती कामाला होती. डॉक्टर माप पाठवायचे आणि त्या मापाचा दात यंत्र कोरून काढायचं. पण यंत्रातून निघालेला दात बेसिनच्या टवक्यासारखा पांढराफेक असायचा. त्याला माणसाच्या तोंडातला दात करायचं काम गिरिजाचं. केसाएवढ्या ब्रशनं ती त्याच्यावर रंग चढवायची. मुळाशी जरा पिवळसर, टोकाला निळसर झाक, आणि गिऱ्हाईक तंबाखू खाणारं असलं तर शेजारच्या दाताला शोभेल असा मातकट डागसुद्धा. मग दात भट्टीत भाजायचा. लॅबच्या मालकीणबाई तिचा पगार अण्णाच्या खात्यावर टाकत. गिरिजाला चप्पल हवी असली तर अण्णा चप्पल आणायचा, आणि चांगलीच आणायचा.

अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ शिवानंद. वडील गेले तेव्हा तो कॉलेजात होता. शिक्षण सोडून तो गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात उभा राहिला, पुढं दुकान स्वतःचं केलं, बहिणीला शिकवलं. तिचं लग्न एकदा ठरून मोडलं, तेव्हा ‘माझ्या घरात तुला काय कमी आहे’ म्हणून त्यानं तो विषयच मिटवून टाकला. त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, कधी आवाज चढवला नव्हता. तशी वेळच यायची नाही. अण्णा जेवताना नुसता ताटावरून नजर वर करायचा आणि गिरिजाला काय ते कळायचं.

मग कायदा आला, की मजुरी ज्याची त्याच्याच खात्यावर जमा झाली पाहिजे.

“चल, तुझं खातं काढून टाकू,” अण्णा म्हणाला.

बँकेत वाळवेकर नावाचा तरणा अधिकारी होता. त्यानं दोघांना एका काचेच्या खोलीत बसवलं. टेबलावर कमानीसारखं एक यंत्र होतं. त्याचं कागदोपत्री नाव ‘स्वेच्छा पडताळणी यंत्रणा’ असं लांबलचक होतं, पण सगळं गाव त्याला मनकाटा म्हणायचं. सोनं तोलायचा काटा असतो तसा मन तोलायचा.

हा काटा बँकांत यायला कारण तसंच घडलं होतं. मधल्या काही वर्षांत लोकांना फोन यायचे, पलीकडं हुबेहूब पोटच्या पोराचा आवाज, “आई, मला सोडव.” कुठं खोटे पोलीस म्हाताऱ्या माणसांना दिवसदिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवायचे. ती माणसं आपल्याच अंगठ्यानं, आपल्याच सहीनं जन्माची पुंजी दुसऱ्याच्या खात्यावर टाकून मोकळी व्हायची. बँक म्हणायची, सही तुमची, अंगठा तुमचा, आम्ही काय करणार? माणूस तोच आहे एवढं यंत्रांना कळत होतं. तो हे मनापासून करतोय का, ते कळत नव्हतं.

ते कळायची वाट शास्त्रज्ञांनी शरीरातून काढली. माणूस धास्तावला की मनाच्या आधी त्याच्या अंगाला कळतं. चेहऱ्याच्या कातडीखालचं रक्त कमीजास्त होतं. डोळ्याला दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतं. बुबुळातली बाहुली मोठी होते. स्वरतंतूंना बारीक कंप असतो, त्याची लय बिघडते. नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर एरवी थोडंथोडं बदलत असतं, ते एकदम घट्ट, एकसारखं होतं. या साऱ्यावर कुणाची हुकमत चालत नाही. फक्त प्रत्येकाचं अंग निराळं. एकाची स्वस्थता दुसऱ्याच्या तापासारखी दिसते. म्हणून खातं उघडतानाच माणसाची ‘स्वस्थ नोंद’ घ्यायची, आणि पुढं प्रत्येक मोठ्या व्यवहाराला त्या नोंदीशी ताडून बघायचं. फरक फार पडला तर व्यवहार थांबवायचा आणि माणसानं सांगून ठेवलेल्या विश्वासू व्यक्तीला कळवायचं. मनकाटा आला आणि ती लूट खरोखरच थांबली. पेन्शनवाल्यांनी बँकेत पेढे वाटले होते.

“विश्वासू व्यक्ती म्हणून कुणाचं नाव घालू?” वाळवेकरनं विचारलं.

“अण्णाचं,” गिरिजा म्हणाली. दुसरं नाव तिच्या मनातही आलं नाही.

“आता निवांत बसा. समोरच्या कमानीकडं बघून बोला. तुमचं नाव, घरात कोण कोण, जेवायला काय आवडतं, काहीही.”

गिरिजानं अण्णाकडं बघितलं. अण्णानं मान हलवली. मग ती बोलली. अण्णा शेजारी असला की बोलण्याचं ओझं नसायचं. चुकलं तर तो सावरून घ्यायचा. तिची नाडी संथ, सैल लयीत चालली होती. वाळवेकर पडद्याकडं बघत म्हणाला, “वा, फार शांत आहात हो तुम्ही. अशी नोंद क्वचित मिळते.”

अण्णाला अभिमान वाटला. खात्याचं कार्ड आलं तेव्हा गिरिजानं त्याच्यावरच्या आपल्या नावावरून बोट फिरवलं. अक्षरं जराशी उठावाची होती. मग अण्णानं ते कार्ड आपल्या खिशात ठेवलं. “तुझ्याकडून हरवेल,” तो म्हणाला, आणि तिलाही ते पटलं.

मग दर महिन्याला दोघं बँकेत जायची. अण्णा बाहेर बाकावर बसायचा, काचेतून दिसेल असा. ती कमानीसमोर म्हणायची, “घरखर्चासाठी. माझ्या मर्जीनं.” हिरवा दिवा लागायचा. आवाज यायचा, “धन्यवाद गिरिजाताई, आपण स्वेच्छेने व्यवहार करत आहात.” अण्णा सगळे पैसे कधी घ्यायचा नाही. “बाकीचे राहू देत, तुझेच आहेत,” असं म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर रेहाना जमादार बसायची. वयानं बरीच लहान, नवऱ्यापासून सुटून आलेली, तोंडाची फटकळ. तिनं एकदा गिरिजाचा फोन हातात घेतला आणि खातं फोनवर कसं बघायचं ते दाखवलं.

“हे बघ अक्का. हे तुझे. इथं दाबलं की कळतं कधी आले, कधी गेले.”

गिरिजा बघत राहिली. साचत गेलेली ती रक्कम तिला अनोळखी वाटली, जणू तिच्याच नावाची दुसरी कुणी बाई गावात राहते आणि हे तिचं आहे. त्यानंतर तिला चाळाच लागला. भट्टी तापेपर्यंतच्या वेळात फोन उघडायचा, बघायचं, मिटायचा.

“साताऱ्यात एक गाळा मिळतोय,” रेहाना एक दिवस म्हणाली. “वापरलेली भट्टीपण बघून ठेवलीय, चांगली आहे. तिकडच्या डॉक्टरांना रंगाचं काम करून देणारं कुणी नाही, सगळे इकडं पाठवतात. मी दात बसवीन, तू रंगव. दोघींच्या नावाची लॅब. निम्मे तू घाल, निम्मे मी.”

“मी?” गिरिजा हसली. “अण्णा नाही म्हणेल.”

“अण्णाला कोण विचारतंय? मी तुला विचारतेय.”

गिरिजाच्या हातातला ब्रश थांबला. हा प्रश्न तिला कुणी घातलाच नव्हता. चार-पाच दिवस ती त्याचं उत्तर मनात घोळवत राहिली. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, अण्णाच्या ताटात भात वाढताना. गाळा तिनं पाहिला नव्हता, पण त्याची खिडकी कुठल्या बाजूला असावी हे तिचं ठरलं होतं. रंगाच्या कामाला उत्तरेचा उजेड लागतो.

“येते मी,” ती रेहानाला म्हणाली. हे बोलताना तिला घाम फुटला होता.

दुपारच्या सुट्टीत ती एकटी बँकेत गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती असल्या कामाला एकटी निघाली होती. कार्ड अण्णाच्या खिशात होतं, पण कमानीला चेहरा पुरायचा. कमानीसमोर बसली तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली होती.

“मला... माझे पैसे हवेत. सगळे. लॅब काढायचीय.”

दिवा लाल झाला.

“गिरिजाताई, घाबरू नका,” यंत्र म्हणालं. आवाज खरंच मायेचा होता. “आपण सुरक्षित आहात. आपल्यावर कुणी दबाव आणत आहे का?”

“नाही. नाही हो. माझे मलाच हवेत.”

“आपला व्यवहार आपल्या रक्षणासाठी थांबवला आहे. आपल्या विश्वासू व्यक्तीला कळवलं आहे. कृपया बसून राहा.”

अण्णा स्कूटर पळवत आला. हेल्मेट हातात, कपाळावर घाम, पँटचा एक खिसा उलटा. तो घाबरला होता, त्यात नाटक नव्हतं. त्यानं गिरिजाचे दोन्ही हात धरले. “काय झालं बाळ? कोण होतं? कुणी फोन केला?”

त्याचा हात लागला आणि तिच्या छातीतली धडधड ओसरली. तिची तिलाच लाज वाटली.

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “वेळेवर आलात हो. नशीब मोठं, असा भाऊ आहे.”

रेहानाचं नाव सांगावंच लागलं. घरी अण्णा जेवायला बसला आणि ताट पुढं सरकवून उठला. वहिनी गिरिजाकडं बघून म्हणाली, “जेवले नाहीत.” एवढंच. मग अण्णा बाहेरच्या खोलीतून म्हणाला, “तुला पाहिजेत तर मागायचे ना गं. तुझं-माझं असं कधी केलं का मी? पण परक्या बाईच्या नादानं... यंत्रालासुद्धा कळलं गिरिजा, की हे तुझं तू करत नाहीयेस.”

तो रागावला असता तर गिरिजाला सोपं गेलं असतं.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा बँकेत गेली, या वेळी कमानीसमोर न बसता वाळवेकरच्या टेबलाशी. त्यानं तिची सगळी हकिगत ऐकून घेतली. पोरगा भला होता. त्यानं दार लोटून घेतलं आणि पडदा तिच्याकडं वळवला.

“ही तुमची पहिल्या दिवसाची नोंद. ही मागच्या आठवड्यातली.” एक रेघ तळ्यासारखी होती, दुसरी करवतीसारखी. “यंत्राला भीती दिसते ताई. ती कुणाची आहे ते दिसत नाही. दरोडेखोर मागं उभा असला तरी अंग असंच होतं, आणि माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनासारखं काही करायला निघाला तरी असंच होतं.”

“मग तुम्ही सांगा ना त्याला. तुम्हाला कळतंय ना?”

“मला कळून उपयोग नाही. माणसाला फसवता येतं म्हणून तर माणसाचा शब्द काढून टाकला.” मग तो पुढं म्हणाला, “एक वाट आहे. विश्वासू व्यक्ती बदलायची आणि नोंद नव्यानं घ्यायची. पण नियमाप्रमाणं त्याला आधीच्या व्यक्तीची संमती लागते. नाहीतर तुम्हाला तक्रार द्यावी लागेल, की भावाचा तुमच्यावर दबाव आहे.”

“अण्णाविरुद्ध?”

“हो. आणि खरं सांगू का, ती तक्रार टिकणार नाही.” त्यानं मागच्या सगळ्या महिन्यांच्या रेघा एकाखाली एक लावून दाखवल्या. सगळ्या तळ्यासारख्या. “हे सगळे तुम्ही त्यांच्यासाठी काढलेले पैसे. यंत्राच्या लेखी तुम्ही भावाजवळ असता तेव्हाच सगळ्यात मोकळ्या असता.”

गिरिजा त्या रेघांकडं बघत राहिली. आपण इतक्या शांत असतो हे तिला ठाऊक नव्हतं.

“तुम्ही शांत व्हायची सवय करा,” वाळवेकर शेवटी म्हणाला. “श्वास लांब घ्यायचा. रोज थोडा वेळ. जमतं काही लोकांना.”

तिनं मनावर घेतलं. लॅबच्या मागच्या खोलीत रेहाना वाळवेकर व्हायची, तिच्यासमोर मोबाईल धरायची आणि विचारायची, “बोला ताई, पैसे कशाला हवेत?” गिरिजा श्वास ओढून म्हणायची, “लॅब काढायचीय.” दोघी हसायच्या. हसताना जमायचं. पण बँकेच्या पायऱ्या आल्या की अंग आपलं ऐकत नसे. दुसऱ्यांदा दिवा लाल झाला. तिसऱ्या खेपेला रेहानानं कुणाकडून तरी छातीचे ठोके कमी करायची गोळी आणून दिली. ठोके खाली आले, पण बाहुल्या मोठ्याच राहिल्या, आणि यंत्रानं अण्णाला कळवलं की ताईंना काही औषध दिल्याचा संशय आहे.

त्या दिवशी अण्णा लॅबमध्ये आला. मालकीणबाईंशी हळू आवाजात बोलला. रेहानाचं टेबल दुसऱ्या खोलीत गेलं.

पण अण्णाच्या करण्यानं जे झालं नव्हतं ते यंत्रानं केलं. गिरिजाला वाटायला लागलं की ते खरं बोलतंय. इतक्या लोकांना वाचवलं त्यानं, ते एकट्या आपल्याच बाबतीत कसं चुकेल? आपली म्हणून जी इच्छा असते ती भुकेसारखी साधी, सरळ असणार. छाती धडधडवणारी, घाम फोडणारी ही इच्छा आपली असेलच कशी? रेहानानं ती घातली असणार डोक्यात. नाहीतर आपल्याला कुठं माहीत होता सातारा?

रेहाना जायच्या आदल्या दिवशी तिला बस स्टँडजवळच्या रसाच्या दुकानात भेटली.

“गाळेवाला थांबायला तयार नाही अक्का. माझ्या मावसबहिणीनं पैसे घातलेत. पण तू ये. नुसती ये. पैसे राहू देत तिकडंच.”

“मोकळ्या हातानं?”

“तुझे हातच पाहिजेत मला.”

गिरिजा ग्लासातला बर्फ हलवत बसली. “मग तू चप्पल आणणार माझ्यासाठी,” ती म्हणाली.

रेहानाला अर्थ लागला नाही, किंवा लागला असेल. “काय बोलतेस? तुझा वाटा देईन की दर महिन्याला.”

“यंत्र काय म्हणतं माहितेय? ही माझी मर्जीच नाही.”

“यंत्राच्या बापाला काय कळतंय तुझ्या मर्जीतलं!” रेहाना एवढ्या मोठ्यानं बोलली की दुकानदारानं वळून पाहिलं. “अक्का, तुला यायचंय का नाही? तेवढं सांग. मी विचारतेय, यंत्र नाही.”

गिरिजानं तोंड उघडलं. सांगायला गेली तेव्हा छाती धडधडायला लागली, तळवे ओले झाले, आणि तिनं ती धडधड ओळखली. लाल दिव्याची धडधड. हे आपलं नव्हे, असं स्वतःला बजावून तिनं नकारार्थी मान हलवली. लगेच सगळं निवलं.

रेहानानं दोघींच्या रसाचे पैसे दिले आणि निघून गेली. सुरुवातीला तिचे फोन यायचे. गाळ्याचे फोटो यायचे. खिडकी पश्चिमेला होती. गिरिजा ‘छान’ असं लिहायची. पुढं फोन कमी झाले.

वर्ष गेलं, वर आणखी काही महिने. अण्णानं घरावर मजला चढवायला काढला. खाली गिरिजाची खोली होती, ती पाडून तिथून जिना जाणार होता. तिला वर गच्चीलगत खोली मिळणार होती. स्लॅबच्या दिवशी सकाळीच सिमेंटची गाडी येऊन थांबली आणि अण्णाला हलता येईना. त्यानं खिशातून कार्ड काढून तिच्या हातात दिलं.

“तूच जाऊन ये. सगळे काढ. आता तुला कशाला माझी सोबत?”

एवढा विश्वास त्यानं आजवर दाखवला नव्हता. गिरिजा चालत बँकेत गेली. पायऱ्या चढली. कमानीसमोर बसली.

“मला माझे पैसे हवेत. सगळे.”

क्षणभरही न थांबता दिवा हिरवा झाला. “धन्यवाद गिरिजाताई. आपण पूर्णपणे स्वेच्छेने व्यवहार करत आहात.”

काचेपलीकडून वाळवेकर जवळजवळ धावतच आला. त्याचा चेहरा फुलला होता. “जमलं की तुम्हाला! एकट्या आलात, सगळी रक्कम मागितलीत, आणि रेघ बघा कशी आहे. मी म्हटलं नव्हतं, सवयीनं जमतं?” त्यानं पाकीट स्वतः आणून तिच्यासमोर ठेवलं आणि आवाज खाली आणला. “आता कुणी अडवणार नाही ताई. साताऱ्याची गाडी इथूनच सुटते. या तुम्ही.”

“कुठं?” गिरिजानं विचारलं.

तो हसायला लागला. तिला चेष्टा कळली नाही असं त्याला वाटलं असावं. मग त्यानं तिच्याकडं नीट बघितलं आणि हसणं थांबलं.

“घरी स्लॅब पडायचाय साहेब,” ती म्हणाली. “गाडी थांबलीय.”

वाळवेकर वळून पडद्यावरच्या त्या रेघेकडं बघत राहिला. उभ्या जागी त्याचा चेहरा उतरत गेला. याला एकाएकी काय झालं, असं गिरिजाला क्षणभर वाटलं. मग उशीर होतोय हे आठवून तिनं पाकीट पिशवीत घातलं, पिशवी पदराखाली धरली आणि ती घराकडं चालू लागली.